छापायच्या आधीची फाइल द्या: मराठी सचित्र पुस्तकांच्या प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
मराठीत सचित्र पुस्तकं काढणारे प्रकाशक, संपादक, मांडणीकार आणि चित्रकार यांस

विषय: दृष्टिहीन वाचकांसाठी सचित्र पुस्तकांच्या मूळ फायली आणि चित्रवर्णनं मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आम्ही छापील मराठी पुस्तकं स्कॅन करतो आणि दृष्टिहीन वाचकांना ती ऐकता येतील, ब्रेलमध्ये वाचता येतील अशी तयार करतो. कथा-कादंबऱ्यांचं काम आता बऱ्यापैकी हाताखालचं झालं आहे. घोडं अडतं ते सचित्र पुस्तकांपाशी. मुलांची गोष्टींची पुस्तकं, पक्ष्यांची-झाडांची ओळख करून देणारी पुस्तकं, विज्ञानाची, भूगोलाची, अगदी पाककृतींचीसुद्धा. अशा पुस्तकाची फाइल मागितली की बहुतेक ठिकाणाहून एकच उत्तर येतं: “फाइल देता येणार नाही. पुस्तक विकत घ्या आणि स्कॅन करा.”

या उत्तरामागे वाईट हेतू नसतो, हे आम्ही जाणून आहोत. मात्र सचित्र पुस्तक स्कॅन करणं म्हणजे काय, याची कल्पना नसल्याशिवाय कुणी ते इतक्या सहज देणार नाही. उत्तर एकट्यादुकट्याचं नाही, म्हणून हे पत्रही जाहीर.

या पुस्तकांची वाट बघतं कोण? अंध मुलं तर आहेतच. मुंबईत अंध मुलांची शाळा १९०० साली निघाली, ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक २००८पासून निघतं. मराठीला दृष्टिहीन वाचक काही नवे नाहीत. पण एक वाचक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे अंध आई. तिचं मूल डोळस असतं. ते पुस्तक घेऊन मांडीवर येऊन बसतं आणि चित्रावर बोट ठेवून विचारतं, “आई, हा काय करतोय?” तिला मजकूर हवा असतो, कोणत्या पानावर कोणतं चित्र आहे ते हवं असतं, आणि पान कुठे उलटायचं तेही कळायला हवं असतं. गोष्ट सलग वाचून दाखवणारं ध्वनिमुद्रण तिच्या उपयोगाचं नाही. पहिली-दुसरीच्या वर्गावर शिकवणाऱ्या अंध शिक्षकाचीही तीच गरज.

आता तुमचं पुस्तक आमच्या टेबलावर आलं की पुढे काय होतं ते सांगतो.

३२ पानांचं, चार रंगांतलं, आर्ट पेपरवर छापलेलं, गोंदाच्या बांधणीचं पुस्तक घ्या. ते स्कॅनरच्या काचेवर सपाट बसत नाही. कण्यालगतची पट्टी वर उचललेलीच राहते. स्वस्त, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस जातीचा सेन्सर असतो. त्याला काचेला चिकटलेलं स्वच्छ दिसतं, पण दोन-चार मिलिमीटर वर गेलेलं धूसर होतं. जाडजूड सीसीडी स्कॅनर थोडं खोलवरचं टिपतो, तरी कण्याजवळ वाकलेली ओळ काही तो सरळ करू शकत नाही. देवनागरीत हे जास्त महागात पडतं, कारण आपल्या लिपीत अक्षराच्या वरही बरंच काही असतं आणि खालीही. ओळ वाकली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-अनुस्वार एकमेकांत घुसतात. पुस्तक जोरानं दाबलं तर कणा तडकतो, पानं सुटतात.

शेवटी कणा कापावाच लागतो. कटिंग मशीनवर तीन-चार मिलिमीटर गेले की पानं सुटी होतात आणि स्कॅन सुरेख येतो. पण जोडपानावर पसरलेलं चित्र असेल तर त्याच्या बरोबर मधली पट्टी जाते. तुमच्या मांडणीत आतला समास कमी असेल तर अक्षरंही जातात. एक चांगलं पुस्तक फाडल्याशिवाय दुसऱ्याला ते वाचायला देता येत नाही, आणि दुर्मीळ झालेल्या पुस्तकाची ग्रंथालयाची प्रत तर कापताही येत नाही.

३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) ए-फोर आकाराचं एक रंगीत पान फाइल लहान न करता साठवलं तर सुमारे २६ एमबीचं होतं. ३२ पानांचे ८३० एमबीच्या वर. चित्रांखालच्या ओळी बारीक टाइपात असतील तर ४०० डीपीआय घ्यावं लागतं. जागा वाचवायला जेपेग केलं की अक्षरांच्या कडांना धुरकट ठिपके येतात, आणि मग अनुस्वार कुठला आणि ठिपका कुठला हे ओसीआरला, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या साधनाला, उमगत नाही. म्हणून टिफ किंवा पीएनजीच ठेवावं लागतं. चकचकीत कागदावर मोबाइलनं किंवा उभ्या कॅमेऱ्यानं टिपलं तर दिव्याचा पांढरा डाग नेमका मजकुरावर पडतो. त्यासाठी दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावायचे, वरचा दिवा बंद ठेवायचा. साध्या पातळ मॅपलिथो कागदावर मागच्या पानाचं चित्र पुढे उमटतं, तर पानामागे काळा कागद ठेवायचा. छपाईतले रंगांचे ठिपके स्कॅनमध्ये जाळीसारखे दिसतात, तेही पुसायचे.

इथवरचं सगळं आम्ही आनंदानं करतो. ही कारागिरी आहे आणि ती शिकता येते. तक्रार यापुढच्या गोष्टींची आहे, कारण त्या तुमच्या हातात आहेत.

पहिली तक्रार चित्रावर छापलेल्या मजकुराची. हिरव्या कुरणावर काळी अक्षरं, निळ्या रात्रीवर पांढरी अक्षरं. डोळ्यांना छान दिसतं. ओसीआर मात्र आधी पानाचं काळं-पांढरं करतं आणि त्यात कुरणही काळं होतं, अक्षरंही. त्यातून वाट काढायची तर रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करायचे आणि पार्श्वभूमी ज्या रंगाची असेल तो भाग घ्यायचा. लाल साडीवर काळी अक्षरं असतील तर लाल भागात साडी जवळजवळ पांढरी दिसते आणि अक्षरं काळीच राहतात. पांढऱ्या अक्षरांसाठी पान उलटं, म्हणजे निगेटिव्हसारखं करायचं. एका पानावर तीन रंगांवर तीन ओळी असतील तर हे तीनदा. वळणदार रेषेवर धावणारी किंवा आगगाडीच्या धुरातून निघणारी अक्षरं कुठल्याच उपायानं येत नाहीत, ती हातानं टाइप करावी लागतात. पानं अशी सजवू नका, असं आमचं म्हणणं नाही. ती खुशाल सजवा. पण सजवण्याआधी तो मजकूर साध्या ओळींत तुमच्याकडे होताच ना? तेवढाच आम्ही मागतो.

दुसरी तक्रार ओळखीतल्या चुकांची. टेसरॅक्ट, गूगलचं ओसीआर ही साधनं मराठी वाचतात, आणि स्वच्छ पानावर बरीच चांगली वाचतात. पान चित्रांनी गजबजलेलं असलं की घ चा ध होतो, भ चा म, थ चा य, ब चा व, आणि ख चा रव. चित्रातल्या गवताच्या काड्यांना दंड आणि काने समजलं जातं. सगळ्यांत त्रासदायक म्हणजे आपला मराठी ‘ऱ्य’. डोंगराच्या चित्रावर ‘दऱ्या’ असं छापलेलं असतं, यंत्र देतं ‘दर्या’. डोंगराच्या कुशीत एकदम समुद्र. आचाऱ्याचा आचार्य होतो. शब्दतपासणी इथे काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. डोळस तपासनिसाचीही नजर यावरून सटकते. अंध मुलाच्या बोटाखाली मात्र ब्रेलमध्ये तोच चुकीचा शब्द येतो आणि त्याला वाटतं, असंच लिहिलेलं आहे. ब्रेलमध्ये रूपांतर करणारी लिबलुईससारखी साधनं फुकट मिळतात, त्यांत मराठीची सोय आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच राहणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणि शुद्ध असेल तर भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीचं ब्रेल, काही सेकंदांत तयार होतं. वेळ जातो तो शुद्ध मजकूर मिळवण्यात, आणि तो तर तुमच्याकडे छपाईपूर्वीच तयार असतो.

तिसरी तक्रार तुम्ही ज्याला फाइल म्हणता तिची. काही प्रकाशक मोठ्या मनानं पीडीएफ पाठवतात. उघडून पाहिलं तर त्यात मजकूरच नसतो. छापखान्यात फाँट बदलू नये म्हणून मांडणीकारानं सगळी अक्षरं ‘कर्व्ह’ केलेली असतात. कर्व्ह केलं की ‘आई’ हा शब्द राहत नाही, आईच्या आकाराच्या रेघा राहतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा स्क्रीन रीडर अशा पानावर येतो आणि गप्प बसतो. दुसरा प्रकार जुन्या फाँटांचा. अशा फाँटात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसवलेली असतात. मजकूर कॉपी केला की कचरा हाती येतो. रूपांतरक मिळतात, पण ते ऱ्हस्व वेलांटीपाशी आणि रफारापाशी चुकतात, कारण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर यायला हवी. हे सगळं टाळणं अगदी सोपं आहे. कर्व्ह करण्याआधी ‘सेव्ह ॲज’ करून एक प्रत वेगळी ठेवा. नवं पुस्तक लावायला घेताना युनिकोड फाँट वापरा. मुक्त आणि बालू हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे देवनागरी फाँट विनामूल्य आहेत, देखणे आहेत, आणि बालू तर मुलांच्या पुस्तकांना फार शोभतो.

चौथी तक्रार वाचनक्रमाची. पानावर एक परिच्छेद, दोन संवादांचे फुगे, कोपऱ्यात ‘तुम्हाला माहीत आहे का?’ची चौकट. डोळा आपोआप क्रम लावतो. यंत्र वरून खाली, डावीकडून उजवीकडे जातं आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचतं. फुलाच्या उभ्या छेदाच्या आकृतीत नावं रेघांनी जोडलेली असतात. ओसीआरमधून काय येतं, ते जसंच्या तसं देतो: “परागकोश कुक्षी पाकळी वृंत निदलपुंज कुक्षीवृंत अंडाशय.” कोणतं नाव कशाचं, काही पत्ता नाही. भूगोलाच्या नकाशात गोदावरी नदीच्या वळणाबरोबर तिरकी लिहिलेली असते. ती एकतर वाचलीच जात नाही किंवा ‘गो’, ‘दा’, ‘व’ अशी पानभर विखुरते.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तिला तक्रार म्हणण्यापेक्षा उणीव म्हणू. चित्र स्वतः.

समजा, एका पानावर एवढाच मजकूर आहे: आजोबांनी विचारलं, “लाडू कुणी खाल्ले?” सगळे गप्प. पान उलटल्यावर: मग सगळेच हसायला लागले. डोळस मुलाला पहिल्या पानावरच गंमत कळलेली असते, कारण टेबलाखाली चिमी बसलेली त्यानं पाहिली आहे. अंध मुलाला एवढंच कळतं, की सगळे गप्प होते आणि मग हसले. का हसले? गोष्टीचा अर्धा भाग लेखकानं चित्रकाराच्या हाती सोपवला, चित्रकारानं तो चोख पार पाडला, आणि स्कॅनमध्ये तो ‘इमेज ४७’ झाला.

इथे वर्णन लिहावं लागतं, आणि ते आम्ही लिहितो. पण कसं लिहायचं? “स्वयंपाकघराचं सुंदर, रंगीबेरंगी चित्र” हे वर्णन नाही, अभिप्राय आहे. “खोडकर चिमीनं लाडू चोरून खाल्ले आहेत” हा निष्कर्ष आहे. तो मुलाचा मुलानं काढायचा, त्यातच वाचनाचा आनंद. आम्ही लिहू ते असं: “स्वयंपाकघर. आजोबा रिकामा डबा उलटा धरून उभे आहेत. समोर आई, बाबा आणि दादा. टेबलाखाली चिमी मांडी घालून बसली आहे. तिचे गाल फुगलेले आहेत, ओठांभोवती पिवळा चुरा आहे. मांजर तिच्याकडे बघतं आहे.” आधी जागा, मग माणसं, मग ज्यावर गोष्ट उभी आहे तो तपशील. क्रियापद वर्तमानकाळातलं. गोष्टीत जे नाव आलं आहे तेच नाव. रंग गाळायचे नाहीत. अंध मूल रंगांविषयी बोलणाऱ्या माणसांतच वाढतं, आणि पुष्कळांना थोडंफार दिसत असतं किंवा पूर्वी दिसलेलं असतं. भिंतीवरची खिडकी, पडद्यावरची फुलं गोष्टीला लागत नसतील तर सोडायची, नाहीतर चुऱ्यापर्यंत पोचेस्तोवर मूल कंटाळतं. वर्णन मजकुराआधी ठेवायचं की नंतर, हे प्रत्येक पानाला ठरवावं लागतं. इथे नंतर, कारण “सगळे गप्प” ऐकल्यावर टेबलाखाली डोकावण्यात मजा आहे. पाठ्यपुस्तकातल्या “चित्र पाहा आणि सांगा” अशा प्रश्नात आणखी काळजी घ्यावी लागते. “चित्रात किती बगळे?” असा प्रश्न असताना वर्णनात “पाच बगळे” लिहिलं तर प्रश्नच उरला नाही. तिथे “एक बगळा पाण्यात, दोन काठावर, दोन उडताना” असं लिहायचं आणि बेरीज मुलावर सोडायची.

अलीकडे चित्राचं वर्णन आपोआप करणारी साधनं आली आहेत. पहिला कच्चा खर्डा म्हणून आम्ही ती वापरून पाहतो. पण चित्रातल्या वीस वस्तूंपैकी गोष्टीला कोणती लागते हे त्यांना माहीत नसतं. पाटा-वरवंटा म्हणजे ‘दोन दगड’, दिंडी म्हणजे ‘लोकांची गर्दी’ असं वर्णन पुस्तकात कसं चालेल? माणसाच्या तपासणीवाचून ते छापू नये, ऐकवूही नये.

आमच्यापाशीही पूर्ण ज्ञान नाही. पक्ष्यांच्या पुस्तकातला तो खंड्या आहे की नीलकंठ, चित्रातला माणूस मामा आहे की शेजारी, हे आम्ही अंदाजानं ठरवतो. तुमच्याकडे मात्र ते लिहिलेलं असतं! चित्रकाराला काम देताना संपादक टिपण देतो: “पान ७, स्वयंपाकघर, आजोबांच्या हातात रिकामा डबा, चिमी टेबलाखाली.” हे टिपण म्हणजे तीन-चतुर्थांश चित्रवर्णन आहे. पुस्तक छापून झालं की ते ईमेलच्या ढिगात हरवतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी आम्ही तेच चित्राकडे बघून नव्यानं लिहितो. याचं आम्हाला खरोखर वाईट वाटतं.

स्पर्शानं वाचायच्या आकृत्यांचंही थोडं सांगू, कारण “चित्र उठावाचं करून द्या की” असं हौसेनं सुचवलं जातं. डोळ्यांसाठी काढलेलं चित्र तसंच्या तसं उठावदार केलं तर बोटाला नुसता खरखरीतपणा लागतो. दोन उठावदार रेषांमध्ये निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर बोटाला त्या एकच वाटतात. छाया, पोत, दूरचं लहान आणि जवळचं मोठं, बैलाआड लपलेली गाडी, यांतलं काही स्पर्शाला समजत नाही. चित्र नव्यानं, साध्या बाह्यरेषेत, समोरून किंवा वरून पाहिल्यासारखं काढावं लागतं. मग ते फुगणाऱ्या कागदावर छापतात आणि हीटरमधून काढतात. काळ्या रेषा तेवढ्या फुगून वर येतात. जास्त प्रती हव्या असतील तर साचा करून त्यावर तापलेला प्लास्टिकचा पत्रा निर्वात दाबानं बसवतात. महाराष्ट्राचा नकाशा करायचा तर ३६ जिल्हे, नद्या आणि घाट एका कागदावर कोंबता येत नाहीत. एका कागदावर सीमा आणि चार मोठ्या नद्या, दुसऱ्यावर जिल्हे, नावांना ब्रेलमध्ये दोन अक्षरांची खूण आणि तिची यादी वेगळ्या पानावर. दिल्लीच्या आयआयटीत रेज्ड लाइन्स फाउंडेशन अशा आकृत्यांचं काम करतं, एनसीईआरटीनं ‘बरखा’ वाचनमालेची ब्रेल आणि स्पर्शचित्रांसकट सर्वांसाठीची आवृत्ती काढली आहे. म्हणजे हे आपल्या देशात जमतं. मराठीत ते करायला बसलं की आम्हाला रंगवलेल्या चित्रातून बाह्यरेषा खरवडून काढावी लागते. चित्रकाराच्या फाइलमध्ये ती रेषा बहुधा स्वतंत्र लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, असतेच.

आता तुमच्या मनातल्या भीतीविषयी. फाइल दिली की पुस्तक व्हॉट्सॲपवर फिरेल, विक्री बुडेल. भीती खरी आहे, मराठी प्रकाशनाचं अर्थकारण किती नाजूक आहे ते आम्हीही पाहतो. पण कायदा काय म्हणतो तेही पाहा. १९५७च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ (१) (झेडबी) आलं. त्यानुसार अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून पुस्तकाचं सुलभ रूपांतर करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अटी आहेत: नफा घ्यायचा नाही, फार तर निर्मितीखर्च घ्यायचा, आणि रूपांतर करणाऱ्या संस्थेनं ते अपंग व्यक्तींपुरतंच ठेवायचं, बाजारात जाऊ नये याची खबरदारी घ्यायची. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या माराकेश कराराला २०१४मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे, आणि ते आहे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या सभासदांसाठी. तेव्हा प्रश्न आम्हाला रूपांतराची मुभा देण्याचा नाही, ती कायद्यानं दिलेली आहे. प्रश्न एवढाच, की ते रूपांतर चार दिवसांत आणि बिनचूक व्हावं की चार महिन्यांत आणि चुकांसह. चोरी करणाऱ्याला तुमची फाइल लागत नाही. तो छापील प्रतीवरून पीडीएफ करतो आणि चित्रं दिसतात म्हणूनच ती खपते. चित्रांऐवजी वर्णनं असलेला साधा मजकूर चोरून कोण विकणार?

आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक नव्या सचित्र पुस्तकाचा अंतिम, मुद्रितशोधन झालेला मजकूर युनिकोडमध्ये, साध्या वर्ड फाइलीत, पानांच्या आकड्यांसह जपून ठेवावा. ‘पान ७’ असं लिहून त्याखाली त्या पानाचा मजकूर वाचायच्या क्रमानं, फुगे आणि चौकटींसकट. छपाईला जाताना शेवटच्या क्षणी झालेल्या दुरुस्त्या या फाइलीतही कराव्यात. नेमक्या याच राहून जातात.

२. छापखान्यासाठी कर्व्ह करण्याआधीची मांडणीची फाइल वेगळी ठेवावी.

३. चित्रकाराला दिलेलं टिपण पान-क्रमांकानं साठवावं आणि चित्र पूर्ण झाल्यावर संपादकानं त्याचं वर्णन करावं. प्रत्येक चित्राला दोन ते पाच वाक्यं पुरतात. चित्रकारानं ते एकदा वाचून “बरोबर” म्हणावं. नकाशे आणि आकृत्या यांना जास्त लागेल, तिथे लेखकाची मदत घ्यावी. मांडणीसाठी इन-डिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर चित्र निवडून ‘ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्स’मध्ये ‘ऑल्ट टेक्स्ट’चा रकाना आहे, तिथेच हे वर्णन टाकता येतं. ‘आर्टिकल्स’ पॅनलमध्ये मजकुराचा क्रम लावला की त्याच फाइलीतून ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, निघते. मग ई-पुस्तक विकणाऱ्यांनाही वेगळं काही करावं लागत नाही. ते ई-पुस्तक अंध वाचक विकत घेईल, तुमचा एक ग्राहकच वाढेल.

४. आकृत्या, नकाशे आणि मुख्य पात्रं यांची बाह्यरेषेची लेयर, असेल तर, द्यावी. चित्रकाराशी करार करताना एवढं एक वाक्य त्यात घालावं.

५. जुनी पुस्तकं, ज्यांच्या फायली गेल्या किंवा कधी नव्हत्याच, त्यांची शिल्लक प्रत असेल तर एक द्यावी. पुनर्मुद्रण होत असेल तर घडी घालून, तीन बाजू कापून, पण गोंद-शिवण न केलेला एक संच बाजूला काढून ठेवायला बाइंडरला सांगावं. त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि आमचं पुस्तक कापणं वाचतं, जोडपानावरच्या चित्राची मधली पट्टी जात नाही.

६. श्रेयनामावलीच्या पानावर एक ओळ असावी: “दृष्टिहीन वाचकांसाठी या पुस्तकाची सुलभ प्रत मागणीनुसार उपलब्ध”, आणि त्याखाली एक ईमेल पत्ता. तो पत्ता बघणारी एक ठरलेली व्यक्ती असावी. आज आम्ही फोन करतो तेव्हा विक्री विभाग संपादकांकडे पाठवतो, संपादक मांडणीकाराकडे, आणि मांडणीकारानं काम सोडलेलं असतं.

तुमच्यावर पडणारं काम किती, याचाही विचार आम्ही केला आहे. ३२ पानांच्या पुस्तकात धरून चाला पंधरा-सोळा जोडचित्रं. टिपण हाताशी असेल तर संपादकाचं ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेच आम्ही बाहेरून, अंदाजानं, पात्रांची नावं शोधत करतो तेव्हा कित्येक दिवस जातात.

बदल्यात आम्ही काय देऊ, तेही सांगतो. मिळालेली फाइल मूळ रूपात कुणालाही देणार नाही. तयार झालेली प्रत तुम्हाला तपासायला पाठवू. वर्णनांत तुम्ही किंवा चित्रकारानं सुचवलेली दुरुस्ती केल्याशिवाय ती वाचकाच्या हाती जाणार नाही. लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं पहिल्याच पानावर, ऐकू येतील अशी असतील. तुमच्या संपादकांना आणि मांडणीकारांना चित्रवर्णन आणि ई-पब यांचं काम शिकायचं असेल तर आम्ही येऊन शिकवू. मोबदला नको. सोबत दृष्टिहीन वाचकही येतील, कारण वर्णन जमलं की नाही हे शेवटी तेच सांगू शकतात.

सगळी यादी एकदम द्या, असं आम्ही म्हणत नाही. या वर्षी छापायला जाणारं एक पुस्तक तुमच्या पसंतीनं निवडा. त्याचा युनिकोड मजकूर आणि चित्रकाराला दिलेलं टिपण, एवढ्या दोनच फायली पाठवा. फोल्डरला पुस्तकाचं नाव द्या, आत फायलींना पानांचे आकडे द्या. पुढचं काम आमचं.

कळावे,

आपले,
दृष्टिहीन वाचकांसाठी मराठी पुस्तकं तयार करणारे कार्यकर्ते